तांब्याचा विटाळ

शिनचूत रात्रीचे अडीच. पिवळ्या दिव्यांखाली
सगळ्यांनाच कावीळ झालेली.
नारिंगी पेटी तांब्याची, निळी ॲल्युमिनियमची.
नारिंगीनं निळीच्या वाटेला जायचं नाही,
हातमोजेसुद्धा वेगळे.
इतकं सोवळं आमच्या देवळातही नसतं.

एका छताखाली तीन पिढ्या:
एकशे तीस नॅनोमीटर, पासष्ट, चाळीस.
आकडा लहान, तितका हट्ट मोठा.
तांबं लागण्याआधीची भट्टी मात्र सामाईक,
आणि आज एकच चालू.
धाकटीच्या चकत्या धुऊन निघाल्यात,
दोन तासांत आत गेल्या नाहीत तर बाद.
थोरलीला घाई नाही म्हणतात;
तिच्यासाठी कुठेतरी ब्रेकचा कारखाना खोळंबलाय.

फान युए-ओ तेवीस वर्षं त्याच यंत्रापाशी.
बनवणारे त्याचे सुटे भाग विसरून गेले.
मागचा पंप बंद पडलेल्या कारखान्यातून आला,
आत कुणाची तरी जपानी चिठ्ठी,
ती अजून कुणी वाचून घेतलेली नाही.
यंत्राच्या डोक्यावर खाऊची पुडी,
नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'.
हिरवीच हवी. मुदत संपलेली चालत नाही.

काल दोघं येऊन फरशीवर टेप लावून गेले:
इथं नवी दोन बसतील.
युए-ओनं यंत्राला कान लावला.
"आज खोकतंय," एवढंच म्हणाली.

मी वेळापत्रक उघडलं. धाकटी आधी.
थोरलीच्या रकान्यात लिहिलं: थांबणे.
काचेपलीकडून तिनं पाहिलं असावं.
खिशातून नवी पुडी काढून
तिनं जुनीच्या जागी ठेवली.

जुनीची मुदत अजून सहा आठवडे होती.