आळ

पिरनवाडी सुटली, किणये अजून आलं नाही,
मध्येच डाव्या हाताला मुतगेकरांचं फार्महाऊस.
स्कूटर लावतो. पिशवीत टेप,
तीन प्रतींचा फॉर्म, कार्बन,
आणि एक लाल रबरी चेंडू, दहा सेंटिमीटरचा,
खडेबाजारात स्वतः मापून घेतलेला.

"चेंडू कशाला ओ?"
सगळेच विचारतात.
कुंपणातून चेंडू गेला तर डोकं जातं, मी सांगतो.
ते हसतात. "चहा घ्या की अगोदर."

फॉर्म कन्नडात. वरून तिसरी ओळ: आळ.
कन्नडात आळ म्हणजे खोली, पाण्याची.
मराठीत आळ येतो, माणसावर,
आणि खोली आमच्यात दार लावून घेता येते.
एकोणीस वर्षं ही ओळ भरतोय.
उथळ बाजूला तीन फूट, जाळीपाशी साडेपाच.
पेन तिथं जरा अडखळतंच.

"इथं भात होतं आमचं," मुतगेकर म्हणतात. "बासमती.
लावणीला सगळी पोरं चिखलात. पाणी घोट्याला."
आता निळ्या टाइल्स,
आणि तळाशी फणसाचं एक पान, स्पष्ट दिसणारं,
हात घालून उचलावं इतकं जवळ.

मग मी गुडघ्यावर बसतो.
हे कुणाला आवडत नाही, साठीला आलेला माणूस
इस्त्रीच्या पँटीत परक्या अंगणात रांगतोय.
पण साडेतीन वर्षांचं झाल्याशिवाय
कुंपण दिसतच नाही.
तिथून कोरफडीची कुंडी ही पायरी.
पंपाचा डबा ही दुसरी.
फाटकाची स्प्रिंग नवी, तेल घातलेली,
आणि फाटकाला वीट लावलेली.
"माळ्याची सारखी ये-जा असते, म्हणून."
वीट काढली. फाटक आलं, आलं,
खिटीच्या दोन बोटं अलीकडे थांबलं.
टक् व्हायला पाहिजे. टक् झालं नाही.

रकाना सतरा: घरात लहान मुलं किती?
"कोण नाही. नातू पुण्यात. शून्य लिवा."
शून्य लिहिलं.

उत्तरेच्या कोपऱ्यात पावसानं माती खचलेली.
चेंडू लावला. चेंडूनं विचार केला नाही,
सरळ खालून पलीकडे, कर्दळीत.

मी उठायच्या आत कर्दळ हलली.
आधी चेंडू आला, मग एक हात,
मग डोकं, सवयीनं तिरकं करून,
मग सगळी मुलगी.
केसांत गवत, एकाच पायात चप्पल.
दोन्ही हातांनी चेंडू धरून माझ्यापुढं उभी,
आणि तिच्या पाठीमागं साडेपाच फूट.

मुतगेकरांचा कप बशीत वाजला.
"बसलिंगची ती. माळ्याची. पवित्रा.
इकडं येत नाही कधी."

सवयीनं, तिरकं करून.

शून्यावर रेघ मारली, एक लिहिलं,
बाजूला सही. खाडाखोडीला सही लागते.
"आमची न्हवं की ओ ती!
बंगल्याचं सर्टिफिकेट हाय न्हवं हे?"
पाण्याचं आहे, मी म्हटलं.

शनिवारी गोव्याहून पाहुणे येणार होते,
होमस्टेची नोंदणी अडणार होती,
कुणाचा तरी मेहुणा तालुक्याला होता.
मी सगळं ऐकलं आणि पिवळी प्रत फाडून दिली:
माती भरणे. कुंडी हलवणे. खिटी. चौदा दिवस.

तिला हात धरून फाटकाबाहेर आणलं,
फाटक स्वतः ओढून लावलं. टक्.

स्कूटर सुरू करताना ती कुंपणाला नाक लावून उभी,
या वेळी बाहेरून.
"मत्त यावाग बर्तीरि?"
परत कधी येणार म्हणून.
बोटं दाखवली, दहा, मग चार.
तिनं मोजली का कोण जाणे.
चेंडू तिच्याच हातात राहिला.

पुढचं घर मच्छ्याला.
तिथं मी मूठ वापरली, थोडी सैल.