तीनशे तीस

राजमल्लू येमुल, वय एकोणपन्नास,
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागांवर जॉबर.
वजन ब्याऐंशी, पण वजन आम्हाला नकोच असतं.
मेत्रे सिस्टरनी पर्समधून शिंप्याची टेप काढली,
चादर सारून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजला:
एकशे अठ्ठावन्न.
माणूस सुटला तरी फुप्फुस सुटत नाही,
ते उंचीला बांधलेलं,
जसा पन्हा मागाला.

सहा गुणिले पंचावन्न.
तीनशे तीस मिली. एका श्वासाला एवढंच.

आमच्या सरांच्या सरांनी
भरभरून दिले होते श्वास, याच्या दुप्पट.
रक्तातले आकडे सुंदर यायचे
आणि माणसं जायची.
हे कळायला किती वर्षं लागली, किती माणसं,
ते तक्त्याच्या एका ओळीत मावतं.

रात्री पावणेतीन.
कॉरिडॉरच्या बाकावर मोबाईलवर नवा निबंध वाचतेय.
म्हणतात, हा एक आजार नाहीच बहुतेक.
दारावर पाटी एक, आत दोन बिऱ्हाडं:
एकात भडका, दुसऱ्यात नुसती धग.
एकाला तारणारं औषध
दुसऱ्याला कदाचित काहीच करत नाही,
कदाचित मारतंही.
येमुलांचं बिऱ्हाड कुठलं
ते सांगणारी तपासणी आमच्याकडे नाही.
शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय, अधिक अभ्यास व्हायला हवा.
बॅटरी अकरा टक्के.

समोर पोशव्वा बसलीय, कुंभारीच्या विडी घरकुलातली.
मांडीवर सूप नाही,
तरी बोटं वळतायत हवेत काहीतरी.
"डॉक्टरबाई, मशीन एवढी मोठी,
मग ऊपिरी एवढीशी का?
पोटभर द्या की. पैशाचं असेल तर सांगा."

मी सुरू करते.
बघा, फुप्फुसात पाणी उतरलंय, बराच भाग मिटलाय,
उघडा उरलाय तो लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा,
त्यात मोठ्या माणसाची हवा
ती हात वर करते.
"पान बारीक निघालं की तंबाखू कमी भरायचा.
कोंबला की फाटतं.
मग छाटात जाते ती विडी."
आणि भिंतीकडे बघत बसते.

तीन वर्षं मी हे नातेवाइकांना सांगतेय,
कागदावर फुगे काढून.

पाचला त्याला पालथा करतो.
सहा माणसं लागतात, त्यातलं एक फक्त नळी धरायला.
मौला डाव्या खांद्याशी.
मेत्रे सिस्टर मोजतात, कठीण वेळी त्या कन्नडातच मोजतात:
ओंदु, एरडु,
मूरुला उचलायचं.
उलटला.
पाठीवर एप्रिलचं घामोळं, बनियनच्या आकाराची गोरी जागा.
इतके दिवस स्वतःच्याच ओझ्याखाली दबलेली
मागची फुप्फुसं आता वर आली.
सोळा तास असंच ठेवायचं.
चेहरा सुजतो, ओठ एका बाजूला लोंबतो,
घरच्यांनी बघू नये असं दिसतं माणूस.
पोशव्वा बघते.
पायाच्या अंगठ्याला हात लावते, सिस्टर काही बोलत नाहीत.

ऑक्सिजन ब्याऐंशी.
पंच्याऐंशी. बराच वेळ पंच्याऐंशी.
सातच्या सुमाराला अठ्ठ्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशी चालतं आम्हाला.
शंभराच्या मागे लागणं आम्ही सोडलंय,
ते सोडायलाही शिकावं लागलं.

"सोळा तास म्हणजे रात्री नऊ," मी सांगते.
ती मनात काहीतरी जोडते.
"म्हणजे दीड हजार विड्या," म्हणते,
आणि पदराला हात पुसून
पहिली वळायला घेते,
पानाशिवाय, दोऱ्याशिवाय.

बाहेर उजाडलंय, आठालाच झळा.
माझी ड्यूटी संपली, जायला हवं.
पडद्यावरचा आकडा पुन्हा बघते.
तीनशे तीस. तीनशे तीस. तीनशे एकतीस.