राणी पाठवताना

"तुमची राणी उद्या पोहोचेल!!"
नेझाने खरंच असं लिहिलं होतं,
रादोव्ल्यित्साहून, ग्राट्सच्या गिऱ्हाइकाला.
मेल स्पॅममध्ये पडला,
लॉटरी आणि केस उगवणाऱ्या तेलाच्या मधोमध.
डबी पोस्टात चार दिवस.
राणी मेली,
सोबतच्या सहा कामकरी माश्याही.

भाचा टिलेन म्हणाला, उद्गारचिन्हं काढ.
डोमेनची सही जोड.
आणि एकदम दोनशे जणांना नको गं,
रोज थोडे. सर्व्हरला सवय होऊ दे.

नेझा हसली.
पोळ्याच्या दारातही हुंगूनच घेतात आत.
नवी राणी ती स्वतः पिंजऱ्यात सोडते,
तोंडाशी साखरेचं बूच.
ते कुरतडून होईस्तोवर
वास घरचा होतो.

आता विषयात ती एवढंच लिहिते:
पार्सल ४१. मधमाशी. जिवंत.