मंगळवार, सात ते दहा

आमच्या इमारतीच्या तळघरात एक वही आहे.
धुलाईयंत्रासाठी जो तो आपली वेळ लिहितो:
हेडक्विस्ट, सोमवार सकाळ. लिंडरोथ, बुधवार.
मी लिहितो मंगळवार, सात ते दहा,
आणि कपडे आणतो जेमतेम चार.
ते यंत्रात कोंबले की पलीकडे, सायकलींच्या खोलीत,
व्हायब्राफोनवरची चादर ओढून काढतो.

योटेबोरीत नोव्हेंबरला दुपार नसते.
साडेतीनलाच कुणीतरी दिवसाची घडी घालून ठेवतं.
दिवसभर मी लोकांचे दात घडवतो,
एकेका सुळ्यापायी अख्खा तास,
आणि संध्याकाळी हा सदतीस पट्ट्यांचा जबडा
उघडून उभा राहतो. अ‍ॅल्युमिनियमचा.
बत्तिशीहून पाच जास्त.

दोन हात, चार काठ्या, टोकांना लोकरीचे गोंडे.
उजवीकडच्या दोघी समजूतदार.
डावीकडची आतली मात्र
सांगावं एक, करावं भलतंच.
तेच आठ बार. पुन्हा तेच आठ.
नळ्यांतल्या चकत्या फिरतात आणि सूर
पाण्यात पडलेल्या दिव्यासारखा हलत राहतो.

रेकॉर्डिंगचं निराळं.
लाल ठिपका लागला की बोटं
परक्या घरी आल्यासारखी वागतात.
पहिल्या टेकमध्ये नऊ नंबरची ट्राम वळली.
दुसऱ्यात मीच शिंकलो.
अकराव्यात सगळं जमलं, सगळं,
फक्त पलीकडे ड्रायरमध्ये माझ्याच कोटाचं बटण
टक्,
टक्,
दोनवर आणि चारवर.
असा ड्रमर मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

तोच पाठवला.
राउनीला, वर हापारांदात, ती एके काळी बेस वाजवायची:
तिने अंगठा धाडला.
भाच्याने बदाम.
क्लबवाल्या शेल-उवेने दोन दिवसांनी लिहिलं,
छान. शांत वाटलं.
शांत!
मी तिथे हातघाईवर आलो होतो.

पुढच्या मंगळवारी वहीशेजारी चिठ्ठी.
आमच्याकडे तळघरातली चिठ्ठी म्हणजे कानउघाडणीच.
जाळीतला कचरा काढा. पावडर सांडू नका.
दुसऱ्यांचे मोजे हलवू नका.
वाचायच्या आधीच मी मनात माफी जुळवू लागलो.
निळी शाई, सही नाही:
‘पाचव्या बारात पेडल उशिरा सोडता.
जुन्या कॉर्डचा रंग नव्याला लागतो.
रंगीत आणि पांढरे एकत्र धुऊ नयेत.’

रागावलो. खोटं कशाला बोलू,
मनातल्या मनात चारही मजल्यांवर भांडून आलो.
मग कानाला हेडफोन लावून टेक अकरा.
पाचवा बार.
रंग लागला होता.
बटणाच्या कौतुकात ऐकूच गेलं नव्हतं.

तीन आठवडे मी पाय शिकलो.
साठीला आल्यावर, हात नव्हे, पाय.
केव्हा सोडायचं, किती सोडायचं,
कुठल्या एकाच सुराला लोकरीचं बोट लावून
गप्प करायचं, बाकीचे तसेच वाजते ठेवून.

कोण असेल?
हेडक्विस्टला दाराची बेल ऐकू येत नाही.
लिंडरोथ कुत्र्याशीसुद्धा कुजबुजत बोलतो.
तिसऱ्या मजल्यावर दारावर नुसतंच एम,
अठरा वर्षं झाली, पुढची अक्षरं मी विचारली नाहीत.

नवा टेक सीडीवर उतरवला,
हरवलेल्या मोज्यांच्या डब्यात ठेवला,
वर लिहिलं: पाचवा बार.
गुरुवारी सीडी नव्हती.
चिठ्ठीही नव्हती.

घरी मी आवाज पुरता चढवून शेवट ऐकतो.
शेवटचा कॉर्ड पेडलवर विरत जातो,
नऊ सेकंद, दहा,
आणि बाराव्याला, अगदी मागे,
वेताची टोपली जमिनीला टेकते,
रेकॉर्डिंग अजून चालू आहे
हे ज्याला ठाऊक असतं
त्याने टेकवावी तशी.

एवढं कापायचं राहू दिलंय.