निशाणी बांगडी

कागद करारनाम्याचा आहे.
शके सतराशे ब्याण्णव, मुक्काम जालना.
वाचनालयाच्या माळ्यावर, वाळवीने अर्ध्यात सोडलेल्या
एका पंचांगाच्या पुठ्ठ्यात तो अस्तर म्हणून चिकटवलेला होता.
चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून
मी तो सोडवला, दुपारभर.

मजकूर साधा:
शिळाछापाचा दगड एक, दाबयंत्र लाकडी एक,
रूळ दोन, पैकी एक फाटका,
मयत मन्मथप्पा कोरे याचे पश्चात बायकोकडे राहील,
दिराने हरकत घेऊ नये.
खाली साक्षीदारांच्या सह्या, मोडीत,
आणि शेवटी:
नागरबाई कोम मन्मथप्पा, हिची निशाणी बांगडी.

बांगडी म्हणजे वर्तुळ.
ते कारकुनाने काढलंय, त्याच्याच टाकाने, त्याच्याच घाईत,
टोकं जुळलेली नाहीत.
नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता,
तिच्या मनगटावर तेव्हा काही नसणार.
पण कागदाला बांगडी लागते.

वर्तुळाच्या अलीकडे मात्र काहीतरी खोडलेलं आहे,
कोंबडीने उकरावं तसं.
भिंग लावून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं.
मग समोर कचरूच्या सलूनमध्ये गेलो.
खुर्चीतलं गिऱ्हाईक गालभर फेसातून म्हणालं, काय हो सर, आज काय?
आणि आरशात
खाडाखोडीच्या पलीकडून सरळ उभं राहिलं:
नागर.
पुढे एक वेलांटी पडली असती
तर लिपीचंच नाव झालं असतं.

तिला कुणी शिकवलं नसणार.
बाभळीचा डिंक खलताना,
काजळी, मेण, साबण एकात कढवताना,
ओल्या फडक्याने दगडाचं तोंड पुसताना
तिने अक्षरं पाहिली ती दगडावरची,
पाठमोरी.
काना डाव्या हाताला,
ओळी उजवीकडून घरी येणाऱ्या.

कागजीपुऱ्याचे दस्ते घेऊन येणारी रुकय्याबी
एकदा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली असेल,
हमारे में ऐसाइच लिखते, बाई.

रुकय्याबी हे नाव मीच दिलंय.
केस मात्र खरा आहे.
लांब, काळा, लगद्यात पडलेला,
अकीकाच्या गोट्याने घोटून घोटून
कागदाशी एकजीव झालेला.
करारनाम्यात तो ‘हरकत’ या शब्दाखालून जातो.

कचेरीत टाक हातात आला
तेव्हा नागरबाईने लिहिलं, जसं येत होतं तसं.
कारकून हसला असेल.
काय गिचमिड केलीस, येत नाही तर सांगावं.

ती काय सांगणार होती?
की तुमच्या देवळीत जे पंचांग ठेवलंय
त्यातली चुकलेली एकादशी मी दुरुस्त केली,
सुईने खरवडून, दगडावर, उलटी;
तुम्ही उपास धरलात तो माझ्या हाताने?
बोलली नसेल. रूळ फाटका होता,
कातडं कुठून आणायचं ते डोक्यात असेल.

छापखाना पुढे अकरा वर्षं चालला.
पहिल्या पानावर दर वेळी मन्मथप्पाच.
मेलेला माणूस अकरा वर्षं पोथ्या छापत राहिला.
दगड दर पोथीनंतर वाळू-पाणी घालून घासतात,
मग त्याला मागचं काही आठवत नाही.

त्या छापखान्याच्या सात पोथ्या आमच्याकडे आहेत.
शेवटच्या पानावर, इतिच्या खाली,
हरभऱ्याएवढं एक वर्तुळ.
नोंदवहीत मी आजवर त्यापुढे ‘डाग’ लिहीत आलो.

काल सातही काढून बसलो.
सगळीकडे तेच, त्याच जागी.
टोकं नीट जुळलेली.