निळ्याला अकरा

गांधीबागेतल्या प्रेसमध्ये कूलर गरम हवाच फिरवतो.
मी श्रद्धांजलीचे फोटो काळे-पांढरे करतो.
दोन कॉलम, आठ सेंटिमीटर, रंगाचे पैसे वेगळे.

डोळ्याचा हिशोब पाठ आहे मला:
शंभरातले एकोणसाठ हिरव्याला,
तीस तांबड्याला,
निळ्याला अकरा.
जो रंग डोळ्याला जितका उजळ
तितकं त्याचं माप. यात कुणाचा दोष नाही.
संत्रं आणि त्याचं पान मात्र
एकाच राखेचं निघतं;
दारातल्या हातगाडीचा फोटो काढून पाहिलाय मी.

आज इंदोऱ्याहून करुणा मेश्राम आली.
पेन ड्राइव्हमध्ये आई. पंचफुलाबाई,
ऑक्टोबरचं ऊन, मागे पांढरा घुमट,
अंगावर निळं पातळ, कडक इस्त्रीचं.
बटण दाबलं.
पातळ डांबरासारखं झालं.
"मायची साडी इतकी काळी नव्हती जी."

मग सगळ्यांना सारखं वाटून पाहिलं,
तेहतीस, तेहतीस, तेहतीस.
निऱ्या मोकळ्या झाल्या, एकेक मोजून घ्यावी.
पण गालावरचं ऊन उतरलं,
बाई दुखण्यातून उठल्यासारखी दिसू लागली.

करुणा स्क्रीनजवळ वाकली. चष्मा पुसला.
पुन्हा वाकली.
"पहिलाच ठेवा," म्हणाली,
"तोंड बरोबर हाय त्यात.
निळं लोकायले मालूम हाय."

पैसे मोजून घेतले, पावती फाडली.
ती जिना उतरल्यावर
नुसता काठ उजळला मी, बोटभर.
पावतीवर ते लिहिलेलं नाही.