गेटच्या रजिस्टरात

आमच्याकडे आत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद होते.
साबणाची वडी, अर्धी कापून बघितलेली.
वकिलाची पिशवी. शेंगाचटणीचा डबा,
चमच्यानं ढवळून, वास घेऊन, मगच आत.
तापाची नोंद नव्हती.

पत्रा तापून कडकडत होता, नळाला पाणी चार दिवसांआड.
चार नंबर बराकीत एक टाकी, एक मग, एकसष्ट माणसं.
बुधवारी तिघं खोकले. शनिवारी एकवीस.
आणि इराप्पा नुकताच आलेला,
अक्कलकोटकडचा, मराठी अर्धीमुर्धी,
धुळीनं आल्यापासून नाक ओढणारा.

बोट दाखवायला एवढं पुरतं.
त्याची थाळी वेगळी झाली, मग झोपायची जागा,
संडासाच्या दाराला लागून.
मग नाव. "ए तापा, सरक की बे."
मी कंपाउंडर. मीही कागदावर लिहिलं :
संशयित स्रोत, इराप्पा मल्लप्पा हत्तुरे, न्यायाधीन बंदी.
अक्षर माझं चांगलं आहे.

म्हेत्रेबाबा सिव्हिलमध्ये गेला, त्या रात्री
इराप्पाचा डावा कान सुजवला कुणीतरी.
मी आयोडीन लावलं. विचारलं नाही.

पुण्याहून माणसं आली, नाकांत काड्या फिरवल्या,
बंद्यांच्या, शिपायांच्या, स्वयंपाक्याच्या, माझ्या.
छत्तीस नळ्या बर्फात बसून गेल्या.
एकोणीस दिवसांनी कागद आला.

आडवं झाड. फांद्यांवर आकडे.
मला काही उमगेना, म्हणून कारखान्यात गेलो,
मागावरच्या कंदीकटलाकडे
(तीनशे दोन, बारा वर्षं; त्याआधी जेकार्डची चादर).
त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा.
"कार्डात एक भोक चुकलं तर मोराची चोच तुटते, साहेब.
त्यावरनं दुसरं कार्ड काढलं, चोच तुटलेलीच उतरते,
वर त्या कार्डाची स्वतःची एक चूक. पाय आखूड, म्हणा.
बाजारात चादर उलगडली की मी सांगायचो,
ही कुणाच्या मागची, ती कुणाच्या नंतरची.
नक्षी चोरतेत लोक. चूक कोण चोरतंय?"

तेरा हजारांवर अक्षरं त्या विषाणूची,
चारच मुळाक्षरं फिरवून लिहिलेली.
म्हेत्रेबाबाच्या मोराची नुसती चोच तुटलेली.
इराप्पाच्या मोराची चोच तुटलेली, पायही आखूड.
म्हणजे तो मागाहूनचा. त्यानं आणला नाही,
त्याला इथं लागला, आमच्यात,
आम्ही नेऊन ठेवला त्या दाराशी.
आणि बुंध्याजवळ, अख्ख्या चोचीचा,
नमुना सात.

सात म्हणजे मी.

त्या रविवारी अंगात कणकण होती.
रजा भाचीच्या लग्नात संपलेली.
एक गोळी घेतली, गाडी काढली,
गेटवर शिपायानं सलाम ठोकला. माझी झडती होत नाही.
आणि चार नंबरात बावीस जिभांवर
बोटानं गोळ्या ठेवत गेलो, एकेक,
समोर गिळायच्या, असा नियम आहे.

प्रयोगशाळेतल्या मॅडम फोनवर म्हणाल्या,
"अगदी खात्रीनं नाही सांगता येत.
मधे कुणी न तपासलेलं असू शकतं."
त्या 'असू शकतं'वर मी दोन रात्री झोपलो.
तिसऱ्या सकाळी कागद साहेबांपुढं ठेवला.
साहेब म्हणाले, फाइलला लावा.

इराप्पाला सांगितलं.
त्याच्या भाषेतले मला चार शब्द येतात,
चारही वापरले.
वाटलं, 'इरली बिड्री' म्हणेल, असू द्या म्हणेल,
इकडं कुणीही कशालाही म्हणतं तसं.
तो भिंतीकडं बघत कान चोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी गोळ्या वाटताना
त्यानं जीभ काढली नाही.
गजातून हात बाहेर केला, जमेल तितका लांब,
तळवा वर.
नियमात बसत नव्हतं.
मी गोळी वरून टाकली.